सात सोनमाशांचं झाकण

३ मार्च, सोमवार

प्रेसमधून निवृत्त होताना उरलेल्या कोऱ्या कागदांची ही वही मीच बांधली होती. दोन वर्षं कपाटात पडून होती, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आज घडलं. आईंच्या माशांच्या टाकीचं झाकण फुटलं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ब्याऐंशी. चार महिन्यांपूर्वी स्वतःचं घर आवरून आमच्याकडे आल्या, त्या दोन पेट्या, एक वेताची खुर्ची आणि ही तीन फुटी टाकी घेऊन. टाकीत सात सोनमासे आणि तळाशी पाच-सहा गोगलगायी. आमच्या हेडबाईंना टाकी नको होती. हेडबाई म्हणजे माझी बायको. ती शाळेत खरोखरच मुख्याध्यापिका आहे आणि घरी आल्यावरही ते पद सोडत नाही. तिने अट घातली आणि कागदावर लिहून फ्रिजला चिकटवली: ‘टाकीचं सगळं काम आईने स्वतः करायचं. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी टाकी शाळेच्या प्रयोगशाळेत जाईल.’ खाली आईंची सही घेतली. लेक आईकडून सही घेते, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

झाकण म्हणजे नुसती सुटी काच होती. खाणं घालताना उचलायची आणि शेजारच्या टेबलावर ठेवायची. आज आईंनी ती टेबलाच्या चार बोटं अलीकडे, चक्क हवेत ठेवली. मोठा आवाज झाला. मी धावत गेलो तर त्या जागच्या जागी उभ्या, पाय अजिबात न हलवता.

“हात ओला होता हो,” त्या म्हणाल्या.

ओल्या हातातून काच सटकायचीच. मी तुकडे गोळा केले आणि म्हणालो, “आई, चाळीस वर्षं पुस्तकांना पुठ्ठे चढवले. एका टाकीला चढवायला कितीसा वेळ लागणार? असं झाकण करतो की ते उचलून ठेवावंच लागणार नाही. पुस्तकासारखं उघडेल.”

त्यांचा चेहरा उजळला. हेडबाईंना मात्र काच कशी फुटली ते सांगू नका म्हणाल्या. मी साफ करताना फुटली असं सांगितलं. बोलणी मी खाल्ली, मला सवय आहे.

४ मार्च, मंगळवार

टाकी उघडी राहिल्याचा परिणाम लगेच दिसला. सकाळी आईंची हाक आली, “जावईबापू, एक बाहेर पडलाय! आवाज झाला!”

गेलो तर त्या गुडघ्यांवर बसून खुर्चीखाली हात फिरवत होत्या आणि मासा त्यांच्या उजव्या पायापासून वीतभर अंतरावर तडफडत होता. घाईत माणसाचं असंच होतं. मी मासा ओंजळीत घेतला आणि पाण्यात सोडला. थोडा वेळ कलंडला, मग पोहायला लागला.

“कोणता होता?” त्यांनी विचारलं.

“शेपटीवर पांढरा ठिपका आहे तो.”

“दिवाणजी. त्याला सगळ्या चौकशा लागतात.” मग त्यांनी पाण्यात बोट घातलं. हे त्यांचं रोजचं आहे, त्याला त्या हजेरी म्हणतात. मासे येऊन बोटाला तोंड लावून जातात. हेडबाईंची हजेरी कुठून आली ते मला आता कळलं.

टाकीवर सध्या भाजीची जाळी उपडी घातली आहे.

५ मार्च, बुधवार

मापं घेतली. लांबी छत्तीस इंच, रुंदी पंधरा. मागचा भाग पक्का, पुढचा उघडणारा, मधे सांधा. पुस्तकाच्या दोन पुठ्ठ्यांमधे कापडाचा जो सांधा असतो, तोच. माझा सांधा फाटला म्हणून पुस्तक परत आलेलं कोणी दाखवावं!

आईंना सहज विचारलं, “तुमची काही फर्माइश?” विचारायला नको होतं. चाळीस वर्षांत एवढ्या सूचना एका गिऱ्हाइकाने दिल्या नव्हत्या. धरायला काहीतरी खडबडीत हवं, आणि ते अगदी मधोमध. झाकण बंद झालं की आवाज झाला पाहिजे, ‘टक’ असा. पुढच्या काठावर, जिथे खाणं घालायचं तिथे, एक खाच. आणि उघडलेलं झाकण आपोआप हातावर पडता कामा नये.

“रंग?” मी विचारलं.

“रंगाचं काही नाही. तुम्हाला आवडेल तो.”

एवढ्या चोखंदळ बाईंचं रंगाबद्दल काहीच म्हणणं नसावं, याची गंमत वाटली. मी गडद निळं रेक्झिन निवडलं. माशांचा केशरी रंग त्याखाली उठून दिसेल.

८ मार्च, शनिवार

आज दिवसभर काम. काय सांगू, हात विसरत नाहीत. जाड पुठ्ठ्याचे दोन दोन थर चिकटवले, वजनाखाली दाबले, कडा घासल्या. खळ घरीच शिजवली: मैदा, पाणी आणि मोरचूद. प्रेसमधे आमचे उस्ताद सांगायचे, मोरचूद घातल्याशिवाय खळ भांड्यातून बाहेर काढायची नाही. वाळवी, झुरळ, बुरशी, कोणी जवळ फिरकत नाही. हे तर पाण्यावरचं झाकण, म्हणून नेहमीपेक्षा दुप्पट घातलं. खळीला सुंदर निळसर झाक आली.

हेडबाई शाळेतून येऊन बघून गेल्या. “स्वयंपाकघराचा प्रेस केलाय,” एवढंच म्हणाल्या. पण पुठ्ठ्यावरून एकदा हात फिरवून गेल्या, ते मी पाहिलं.

९ मार्च, रविवार

बसवलं! वरून व्हार्निशचे दोन हात दिले आहेत. काठावर खाच आहे, मधोमध सुतळीची गाठ आहे धरायला, आणि बंद होताना टक वाजावं म्हणून आतून लाकडाची चकती. उघडलं की मागच्या भागावर उलटं दुमडून शांत पडून राहतं.

आईंनी परीक्षा घेतली. आधी दोन्ही तळहात झाकणावरून फिरवले, कडेकडेने, सावकाश, जशा पूर्वी बायका कापड घेताना पोत बघायच्या. मग गाठ धरली, उघडलं, बंद केलं. टक. पुन्हा उघडलं, पुन्हा टक. असं निदान दहा वेळा.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “आता मला कोणाची गरज नाही.”

इतकी मोठी शाबासकी मला प्रेसमधेही मिळाली नव्हती. दिवसभर मी हवेत होतो.

१२ मार्च, बुधवार

तळाच्या गोगलगायी मेल्या. सगळ्या. वय झालं असेल, त्यांचं कोण मोजतं? आईंना सांगितलं नाही, हळूच काढून टाकल्या. झाकणाच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि थेंब थेंब पाण्यात पडतं. व्हार्निशचा अजून एक हात द्यायला हवा होता. मासे जरा दबून आहेत. नवीन झाकणामुळे अंधार वाटत असेल, होईल सवय.

१४ मार्च, शुक्रवार

हे लिहायला हात उठत नाही, पण लिहिणार. नाहीतर वही कशाला बांधली?

सकाळी हेडबाई शाळेत गेल्यावर मी कपडे वाळत घालून आत आलो. आई टाकीसमोर खुर्चीत बसल्या होत्या. झाकण उघडं होतं. चिमटीतून खाणं सोडत होत्या. आणि खाचेच्या बरोबर खाली, त्यांच्या बोटांपासून इंचभर अंतरावर, दोन मासे आडवे होऊन तरंगत होते. मेलेले. खाणं त्यांच्या अंगावर पडत होतं.

मी दारातच थांबलो.

आईंनी बोट पाण्यात घातलं. नेहमीपेक्षा बराच वेळ ठेवलं. मग बोट पुसलं, झाकण लावलं, टक, आणि माझ्या दिशेने चेहरा करून म्हणाल्या, “आज सगळे शांत आहेत. गुणी बाळं.”

काच हवेत ठेवली ती हात ओला होता म्हणून नाही. पायाशी पडलेला मासा घाईमुळे दिसला नाही असं नाही. गाठ, खाच, टक, हा चोखंदळपणा नव्हता. त्यांना दिसत नाही. दहा दिवस हे सगळं माझ्या नाकासमोर होतं, आणि मी रेक्झिनचे रंग निवडत बसलो होतो.

त्या आंघोळीला गेल्यावर दोन्ही मासे काढले, बरणीत टाकीतलं पाणी घेतलं आणि माशांच्या दुकानात गेलो. मालक माझ्याहून लहान आहे, पण माशांच्या बाबतीत न्यायाधीशासारखा बोलतो. त्याने पाणी तपासलं. झाकण कशाचं, विचारलं. मी अभिमानाने सांगायला सुरुवात केली आणि मोरचुदापाशी पोहोचलो तेव्हा त्याने डोक्याला हात लावला.

“काका, मोरचूद म्हणजे तांबं. गोगलगायी आधी जातात, मग मासे. तुम्ही टाकीवर विषाचं झाकण बसवलंत.”

मी, ज्याच्या खळीला चाळीस वर्षांत कोणी नाव ठेवलं नाही, त्याने सात माशांना विष घातलं. कसरीपासून पुस्तक वाचवणारी खळ!

त्याच्याकडून पाण्यातलं विष शोषून घेणाऱ्या कोळशाची पिशवी घेतली, आणि मेलेल्यांच्या जोडीचे दोन मासे घेतले. तेवढेच, त्याच रंगाचे. त्यांना दिसत नाही तर कळणार कसं, असा विचार केला. तो विचार करताना स्वतःची लाज वाटली, तरी मासे घेतले.

१५ मार्च, शनिवार

निळं झाकण फोडून फेकलं. टाकीतलं अर्धं पाणी काल बदललं, आज पुन्हा पाव. वाचलेले पाच वर येऊन तोंड उघडत होते, आज दुपारी खाली गेले. नवे दोघं मालकाच्या सल्ल्याने वेगळ्या बादलीत, माळ्यावर.

आईंना सांगितलं, “सांध्यात जरा दोष राहिलाय, पुन्हा करतो.”

“करा की,” त्या म्हणाल्या. “दोष कोणाच्या हातून राहत नाही?”

हेडबाईंना कसं सांगायचं? सांगितलं तर अट आहे, सही आहे. टाकी प्रयोगशाळेत जाईल. आणि टाकी गेली तर आईंकडे स्वतःचं असं काय उरलं? दोन पेट्या आणि खुर्ची. बायकोपासून मी आजवर लपवलं नाही असं नाही, पण ते किरकोळ असायचं. हे किरकोळ नाही.

१७ मार्च, सोमवार

रडत बसण्याचा माझा स्वभाव नाही. चुकलं ते साहित्य चुकलं, सांधा चुकला नव्हता. पुठ्ठ्याच्या जागी काच, कापड आणि खळीच्या जागी सिलिकॉन, ज्याने टाकीच जोडलेली असते. काचवाल्याकडून दोन पट्ट्या कापून घेतल्या, कडा घासून गोल करून घेतल्या.

काचवाला म्हणाला, “दोन्ही अगदी चिकटवून ठेवा.” मी म्हणालो, “बाबा रे, सांध्याचं मला शिकवू नकोस.” दोन पुठ्ठे उलटे दुमडायचे असतील तर मधे दोन पुठ्ठ्यांच्या जाडीएवढी फट सोडतात. काचेलाही तोच नियम. फट सोडली, सिलिकॉन भरलं, बोटाने सारखं केलं. आता दोन दिवस हात लावायचा नाही.

धरायला पितळेची मूठ आणली होती, सुंदर होती. बसवता बसवता आठवलं, पितळेत तांबं असतं. परत केली. टाकीतलाच एक खडबडीत गोटा मधोमध चिकटवला.

या वेळी करताना मी एक केलं. डोळे मिटून हात फिरवला, कुठे काय लागतं ते पाहिलं. खाच डावीकडे दोन बोटं सरकवावी लागली. उघड्या डोळ्यांनी ती बरोबर दिसत होती.

२० मार्च, गुरुवार

झाकण बसलं. नवे दोघंही सकाळीच टाकीत सोडले. टक असा आवाज आता काचेचा येतो, जास्त चांगला.

आईंनी तळहात फिरवले, गोटा सापडला, खाच सापडली. झाकण उघडून मागे टाकलं, ते पाठीवर दुमडून राहिलं. खाणं सोडलं. मग बोट पाण्यात घातलं आणि मोठ्याने मोजायला लागल्या. “एक. दोन. हा दिवाणजी, हा ओढतो. चार. पाच.” थांबल्या.

“दोघं नवीन आहेत,” त्या म्हणाल्या. “लांबूनच बघताहेत. त्यांना अजून माझा हात माहीत नाही.”

मी खालीच बसलो.

“शुक्रवारी पाचच आले होते,” त्या म्हणाल्या. “मला तेव्हाच कळलं. म्हटलं, जावईबापूंनी एवढ्या हौसेने झाकण केलंय. त्याच्यामुळे गेले असतील तर त्यांना वाईट वाटेल. म्हणून बोलले नाही.”

“आई, माझ्यामुळेच गेले.” मी खळीचं सगळं सांगितलं.

त्यांनी माझा हात चाचपून शोधला आणि धरला. “आणि माझं तुम्हाला त्याच दिवशी कळलं ना? दारात तुमच्या चपलांचा आवाज थांबला, तो किती तरी वेळ पुन्हा आला नाही.”

वर्षभरापासून आहे म्हणाल्या. समोरचं मधलं दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं. शेजारणीला घेऊन डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. चष्म्याने सुधारणार नाही, ऑपरेशनही नाही. चालता-फिरता येतं, तेवढ्यावर त्यांनी आम्हा दोघांना चार महिने फसवलं. त्या अटीखाली सहीसुद्धा अंदाजानेच केली होती.

“लेकीला सांगाल?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही सांगा म्हणालात तर.”

“मीच सांगेन,” त्या म्हणाल्या. “पण आधी दाखवेन.”

२३ मार्च, रविवार

हेडबाई घरी. आईंनी हाक मारली, “इकडे ये. बस. मधे बोलायचं नाही.” पन्नास शिक्षकांना गप्प करणारी बाई निमूट बसली.

आईंनी सगळं करून दाखवलं. झाकण, खाणं, हजेरी. नळी लावून पाणी काढलं, बादलीत किती आलं ते बोट घालून बघितलं. थेंबही सांडला नाही. आज सहा जण बोटापर्यंत आले. मग टाकीकडेच चेहरा ठेवून आई म्हणाल्या, “हे सगळं मी न बघता केलं. मला दिसत नाही, बाळा. वर्ष झालं.”

हेडबाई उठून उभी राहिली. आधी चिडली, आणि चांगलीच चिडली. “मला सांगितलं नाहीस? मी तुझी कोण आहे? अहो, तुम्हालाही माहीत होतं?” मग फ्रिजकडे नजर गेली आणि आवाज एकदम खाली आला. “मी अट घातली म्हणून?”

“हो,” आई म्हणाल्या.

मग मी एका दमात मोरचुदाचं सांगून टाकलं, म्हणजे राग दोघांत वाटला जाईल. राग वाटला गेला नाही, सगळा माझ्याकडे आला. पण त्यानंतर हेडबाईंनी खिशातून रुमाल काढला, स्वतःच्या डोळ्यांवर घट्ट बांधला आणि खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, “मला सांग कसं करतेस.”

खाण्याचा डबा पहिल्या झटक्यात खाली पडला. गोटा सापडायला दोन प्रयत्न लागले. झाकण उघडलं, खाच सापडली, अर्धं खाणं काठावर सांडलं. बोट पाण्यात घातलं. आईंनी तिचं मनगट धरलं होतं. “हलवायचं नाही. वाट बघायची.”

वाट बघितली. मग हेडबाईंचे खांदे हलले, हसल्या की रडल्या ते रुमालामुळे कळेना.

“एक,” ती म्हणाली.

“तो नवाच असणार,” आई म्हणाल्या. “जुने ओळखीशिवाय येत नाहीत. उद्या पुन्हा बस.”

रुमाल सोडून हेडबाई तशीच ओल्या बोटाने फ्रिजपाशी गेली, कागद काढला, वाचला. “अट पाळलीच आहे की तिने,” म्हणाली. “सगळं स्वतःच करते.” मग कागद उलटा करून टेबलावर काहीतरी लिहायला बसली.

२४ मार्च, सोमवार

सकाळी उठलो तर तो कागद पुन्हा फ्रिजवर होता, उलट्या बाजूने. हेडबाईंचं वळणदार अक्षर, माझ्या नावाने. गॅसच्या बटणांना, बंद कुठे ते हाताला कळेल अशी खूण. औषधांच्या डब्यांच्या झाकणांवर, सकाळ-दुपार-संध्याकाळ वेगवेगळी. बाथरूमच्या नळाला, गरम कुठला ते. कपाटाच्या खणांना. मुदत रविवारपर्यंत.

यादीच्या तळाशी आईंच्या हातची आणखी एक ओळ आहे. अक्षरं एकमेकांवर चढलेली, ओळ वर गेलेली, शेवटचं अक्षर कागदाबाहेर फ्रिजच्या दारावर उमटलंय. पण वाचता येते:

‘खळ वापरायची नाही.’

फ्रिजवरचं ते अक्षर पुसायचं नाही असं हेडबाईंनी बजावलंय. मी तरी कुठे पुसणार होतो?